पाच वाजले की पोट दुखतं

"मॅडम, याले कुठं घालावं ते तुमीच सांगा. घरात रोजचं महाभारत होऊन राह्यलं."

तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यातून तिघं माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. आई, वडील आणि आबाजी. मधे सात वर्षांचा मुलगा, त्याला इथं गोलू म्हणते. सोयाबीन निघून कापसाची वेचणी लागली होती, त्यामुळे एक दिवसाची मजुरी आणि वावर सोडून तिघंही येतात म्हणजे गोष्ट साधी नाही, हे मी ओळखलं. तक्रार अशी, की शाळा सुटून घरी आला की पाचच्या सुमारास गोलूचं पोट दुखतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं, जंताची गोळी झाली. पोट दुखायचं ते दुखतंच.

पाच वाजता काय असतं? कबड्डीचं मंडळ. वडिलांनी घातलं होतं. ते स्वतः लहानपणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी शिबिरात जायचे. 1914 सालची ही संस्था, 1936 साली बर्लिनला तिच्या पथकानं देशी खेळ दाखवले, हे सांगताना आजही त्यांची छाती फुगते. आबाजींचं म्हणणं वेगळं. मोझरी जवळच, तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी दहा-अकरा वर्षांचे असताना प्रत्यक्ष ऐकलेली. महाराज 1968 साली गेले. पोराला सांजच्या सामुदायिक प्रार्थनेत बसवा, संस्कार तिथंच होतील, हा आबाजींचा हेका. आईला मोठ्या गावच्या शाळेतलं कब पथक, म्हणजे स्काऊटचा लहान मुलांचा गट, हवं होतं. तिच्या भावाचा मुलगा स्काऊटमध्ये होता, त्याला दहावीत वाढीव गुण मिळाले होते. दुसरीतल्या पोरासाठी दहावीचा हिशेब! पण हसू नये, मी अशी गणितं दर आठवड्याला ऐकते.

मोठ्यांना बाहेर चहाला पाठवलं. गोलूसमोर मूठभर चिंचोके टाकले आणि म्हटलं, मंडळात कोण कुठं असतं ते मांडून दाखव. त्यानं भराभर दोन रांगा लावल्या. मोठा चिंचोका म्हणजे शिकवणारा दादा. एक चिंचोका मात्र त्यानं पार टेबलाच्या कडेला ठेवला.

"हा कोन?"

"मी."

"एवढ्या दूर काऊन?"

"तेथ रांजण हाय. मी पानी देतो."

"आन् खेळतो कधी?"

"मी लहाना हाय ना."

मारहाण नाही, चिडवणं नाही, काही वाईट नाही. बारा-चौदा वर्षांच्या पोरांत सात वर्षांचं एक लेकरू, आणि त्याचं काय करायचं हे त्या विशीतल्या दादाला कोणी सांगितलंच नव्हतं. कबड्डीत टोंगळे फुटायची भीती, म्हणून त्यानं आपला भल्या मनानं याला पाण्यावर बसवलं. रोज तास-दीड तास. पोट नाही दुखणार तर काय होईल?

मी तिघांना कोणताही गट सुचवला नाही. एक काम दिलं. प्रत्येकानं आपल्या आवडीच्या नाही, दुसऱ्याच्या आवडीच्या ठिकाणी एक संध्याकाळ जायचं, न सांगता. फळ्यावर काय लिहिलंय, झेंडा कोणता, गणवेश कसा, हे बघायचं नाही. तिथलं सगळ्यात बारकं पोरगं हेरायचं आणि पूर्ण वेळ त्याच्यावरच नजर ठेवायची. त्याला किती वेळा नावानं हाक मारली? ते चुकलं तेव्हा शिकवणारा काय बोलला? शेवटचा पालक येईस्तोवर त्याच्याजवळ कोण थांबलं?

पंधरा दिवसांनी आले. आबाजी कबड्डीला गेले होते. म्हणाले, "सव्वा तासात बारक्याले तीन खेपा हाक मारली मॅडम, तिन्ही बार पान्यासाठीच." मग थोडं थांबून, "पन थो दादा पोरगा चांगला हाय." वडील प्रार्थनेला गेले. दहा मिनिटांत लेकरं जांभया द्यायला लागली, हे त्यांनी आधी सांगितलं, जरा जिंकल्यासारखं. नंतर मात्र कबूल केलं, की एका म्हाताऱ्या बाईनं प्रार्थना झाल्यावर सगळ्या लेकरांच्या हातात आळीपाळीनं खंजिरी दिली, आणि सगळ्यात लहान मुलीला पहिल्यांदा.

कब पथकाबद्दल वडिलांना नीट माहिती नव्हती, आबाजींना तर अजिबात नाही, म्हणून तिथं आईच गेली. नियम मोडला, चालतं. भारत स्काऊट आणि गाईडमध्ये पाच ते दहा वर्षांची मुलं कब, मुली बुलबुल. दहानंतर स्काऊट आणि गाईड. सहा-सहाची षटकं करून खेळ घेतात. म्हणजे वयाचा प्रश्न तिथं मुळातच सोडवलेला आहे. सरांनी तिला उलटा प्रश्न केला, "पोराला न्यायला कोण येणार? त्याचा फोन लिहून द्या. दुसऱ्या कोणाच्या हाती मी सोडत नाही." मला तो माणूस न बघताच आवडला. अडचण एकच, गाव नऊ किलोमीटर आणि पथक फक्त शनिवारी.

इथं थोडं थांबून सुरक्षिततेचं बोलते, कारण पालक हे विचारायला लाजतात. गटात किमान दोन मोठी माणसं हवीत. एकट्या मुलाला बंद खोलीत किंवा गाडीवर एकटं कोणी नेता कामा नये, मग तो कितीही ओळखीचा, कितीही देवमाणूस असो. सात वर्षांच्या मुलाला मुक्कामी शिबिर नको. "घरी सांगू नको" हे वाक्य जिथं चालतं, तिथून त्याच दिवशी काढा. काही गडबड वाटली तर 1098 हा बालकांचा मदतक्रमांक आहे, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 पासून आहे. गावात बोभाटा होईल म्हणून गप्प बसलेली घरं मी पाहिली आहेत.

आणखी एक. आपल्या भागात संध्याकाळच्या मैदानावर शाखाही भरते, सेवा दलही, विहारात वर्गही असतात. कोणता विचार घरच्यांना पटतो हे घरच्यांनी ठरवावं, माझं ते काम नाही. मी एवढंच सांगते, तिथले विनोद ऐका. पलीकडच्या गल्लीतल्या पोरांवर हसायला शिकवत असतील, तर लेकरू ते हसणं घेऊन घरी येतं.

दुसऱ्या भेटीत आई उठता उठता हळूच बोलली, "खरं सांगू का ताई, साडेसहालोक वावरातून येनं होत नाही. तवर याले कोनाजवळ ठेवावं हाच सवाल होता." मला वाटतं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं. पोराला सांभाळायला कोणी हवं, यात कमीपणा कसला? ते आधी उघड बोललं असतं तर संस्काराचा वाद झालाच नसता. (मुलीसाठी हा प्रश्न घेऊन मात्र माझ्याकडे आजवर एकच आई आली. मुली तोवर घरी भाकरी थापतात, किंवा धाकट्याला सांभाळतात.)

मग असं ठरलं. सोमवार ते शुक्रवार आबाजींसोबत, पण प्रार्थनेत बसायची सक्ती नाही. खंजिरीच्या वेळी आत, नाहीतर देवळामागं बाकीच्या लेकरांत. शनिवारी कब, चार शनिवार करून बघायचं, नाही आवडलं तर सोडायचं, आणि हे गोलूला त्याच्या समोर सांगायचं. वडील त्या दादाशीही बोलले. आता रविवारी सकाळी तो लहानांचा वेगळा लंगडी-खोखो घेतो. हे माझ्या डोक्यात नव्हतं, त्यांनीच काढलं.

फेब्रुवारीत एसटीची वेळ बदलली आणि कब सुटलं. खंजिरी टिकली. मार्चमध्ये आबाजींचा फोन आला, पोट आता बरं आहे म्हणून. "पन सोमवारी सकाळी दुखते मॅडम, नेमकं शाळेच्या टाइमाले. सोमवारी पाढे म्हनून घेतात म्हने."

म्हटलं, घेऊन या, चिंचोके आहेतच.