मॅकिंटॉशची जोडी की लक्झमनचा इंटिग्रेटेड?

तुमची खोली १२ बाय १४ ची, स्पीकर ८८ डेसिबल संवेदनशीलतेचे, ऐकणं फक्त स्ट्रीमरवरून (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा). आणि विचारताय की मॅकिंटॉशचा सी२२ प्री (आवाज कमी-जास्त करणारा) आणि एमसी२७५ पॉवर (स्पीकर चालवणारा) अशी दोन ॲम्प्लिफायरची जोडी घ्यावी, की लक्झमन एल-५९० या इंटिग्रेटेडवर, म्हणजे दोन्ही कामं एकाच डब्यात करणाऱ्या ॲम्पवर, भागेल. भागेल. डोळे झाकून इंटिग्रेटेड घ्या.

‘वेगळ्या प्रीशिवाय आवाज उघडतच नाही,’ हे मी आमच्या दाजींकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. एका दिवाळीत ते त्यांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्री गाडीत घालून घरीच घेऊन आले. माझ्याकडे डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) थेट पॉवर ॲम्पला जोडलेला. त्यांनी मध्ये प्री लावला, मालकंस सुरू केला आणि पहिल्याच आलापाला सगळ्यांकडे बघून मान डोलावली. ताई म्हणाली, ‘खरंच भरदार वाटतंय की.’ वाटणारच. मी स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून चाचणीचा सूर वाजवला, तर प्रीमुळे व्होल्टेज जवळजवळ दीडपट! मग दोन्हीकडचा आकडा सारखा केला, भाच्याला वायरी बदलायला बसवलं आणि दाजींना पाठ करून बसायला सांगितलं. त्यांना काही ओळखता आलं नाही. ‘तुझे स्पीकरच बोलत नाहीत,’ म्हणून त्यांनी विषय मिटवला. माझ्या लेखी तो मिटलेला नाही, कारण शोरूममध्येही हेच होतं: जे जरा मोठ्यानं वाजतं तेच गिऱ्हाइकाला चांगलं वाटतं.

अहो, डॅकमधून साधारण २ व्होल्ट येतात आणि बहुतेक पॉवर ॲम्प १ ते २ व्होल्टमध्येच पूर्ण ताकदीला पोचतात. मग प्री वाढवणार काय? घरी तो सिग्नल कमी करायचंच काम करतो. म्हणून पैसा व्हॉल्यूम कंट्रोलवर घाला. हलक्या पॉटवर (फिरवायच्या व्हॉल्यूमवर) रात्री हळू लावलं की डावं-उजवं सारखं राहत नाही, मधोमध बसलेला गायक एका स्पीकरकडे सरकतो. लक्झमनचा लेकुआ ॲटेन्युएटर, म्हणजे त्यांचा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्यूम कंट्रोल, इथेच कामाला येतो.

वॅटचं म्हणाल तर लक्झमनचे क्लास ए (सतत भरपूर वीज घेणारी पद्धत) ३०, एमसी२७५ चे ७५. कानाला फरक फक्त ४ डेसिबलचा.

आता एलपी लावणार असाल तर गोष्ट वेगळी. मूव्हिंग कॉइल पिकअप (रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईचा एक प्रकार) जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट देतं, तिथे फोनो स्टेजवर, म्हणजे हा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागावर, हात आखडू नका. आणि व्हॉल्व्हचाच आवाज आवडत असेल तर एकटा एमसी२७५ घ्या, व्हॉल्यूम असलेला डॅक थेट जोडा. सी२२ तरीही नको. हो, लक्झमन आणि एमसी२७५ दोन्ही सणसणीत तापतात, बंद कपाटात ठेवू नका.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा मीटर सोबत न्या. लावू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.