वाचकांचे प्रश्न: इंटरकूलर बदलावा की आधी तपासावा?

प्रश्न: माझ्याकडे २०११ सालची फोर-बाय-फोर स्कॉर्पिओ असून ती १ लाख ८० हजार किलोमीटर चालली आहे. अलीकडे माळशेज घाट चढताना तिची ओढ कमी जाणवते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर निघतो. गॅरेजवाले मूळ इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी) काढून रेडिएटरपुढे मोठा इंटरकूलर बसवण्याचा सल्ला देत आहेत. हा खर्च करावा का? – एक वाचक, जुन्नर

उत्तर: आजच करू नये. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून इंटरकूलर लहान पडतो आहे असे दिसत नाही. दाबाखालची हवा वाटेत कुठेतरी निसटते आहे, असा संशय अधिक येतो.

टर्बोने हवा दाबली की ती तापते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना टर्बो १ बार (वातावरणाच्या दाबाइतकाच जादा) दाब देत असेल, तर त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे १३० अंशांपर्यंत जाऊ शकते. इंटरकूलरने ती ६५ अंशांवर आणली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये जवळजवळ वीस टक्के अधिक हवा मावते. मात्र नळी फाटली असेल किंवा ती आवळून धरणारा क्लॅम्प सैल असेल तर हा हिशेबच कोलमडतो. कॉमन रेल इंजिनात (म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या आजच्या डिझेल इंजिनात) हवा मोजणारा सेन्सर सहसा एअर फिल्टरपाशी, म्हणजे गळतीच्या अलीकडे असतो. त्यामुळे संगणक मोजलेल्या हवेच्या प्रमाणात डिझेल सोडतो, पण त्यातली काही हवा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. तुम्हाला दिसणारा काळा धूर बहुधा त्याचाच आहे.

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. सकाळी गाडी सुरू करून इंजिन जेमतेम तापल्यावर पहिल्याच चढाला ओढ कमी वाटली, तर गळती शोधावी. पहिली पाच-दहा मिनिटे गाडी नीट ओढते आणि मग मंदावते असे असेल, तर उष्णतेकडे वळावे. गळतीसाठी प्रत्येक होजपाइप काढून, हाताने वाकवून पाहावा, कारण चीर बहुतेक वेळा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असते. क्लॅम्पच्या शेजारी तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ दिसली, तर हवा तिथूनच निसटते असे समजावे. त्यानंतर इंटरकूलर उतरवून दोन्ही तोंडे बंद करावीत आणि रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने १ ते १.५ बार एवढाच दाब देऊन तो पाण्यात बुडवावा व बुडबुडे येतात का ते पाहावे. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा सात-आठ बारचा दाब थेट देऊ नये. उडालेले झाकण माणसाला गंभीर जखमी करू शकते.

आता उष्णतेविषयी. स्कॉर्पिओत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असून त्याला बॉनेटवरच्या स्कूपमधून (हवा आत घेणाऱ्या उंचवट्यातून) वारा मिळतो. ही हवा इंटरकूलरच्या जाळीतूनच जावी, आजूबाजूने निसटू नये, म्हणून स्कूप आणि इंटरकूलर यांमधली फट बंद ठेवणारे सील शाबूत असावे लागते. कधीतरी इंजिनाचे काम करताना ते काढले जाते आणि परत बसत नाही. माझ्या पाहण्यातल्या अनेक ‘कमजोर’ इंटरकूलरांचा आजार एवढाच निघाला आहे. बॉनेट उघडून हे आधी पाहावे. खर्च नगण्य आहे.

एवढे करूनही शंका उरली, तर तापमान मोजावे. समजा, बाहेर ३४ अंश, इंटरकूलरमध्ये शिरताना १२४ आणि निघताना ६१ अंश मिळाले; तर ९० अंशांच्या फरकापैकी ६३ अंश उतरले, म्हणजे कार्यक्षमता ७० टक्के झाली. जुन्या गाडीला हे चांगले आहे. हा आकडा ५० टक्क्यांच्या खाली गेला आणि जाळी स्वच्छ असूनही सुधारला नाही, तरच बदलाचा विचार करावा.

तेव्हाही रेडिएटरपुढे जाण्यापेक्षा मूळ जागीच अधिक जाड, बार-अँड-प्लेट पद्धतीचा (पट्ट्या आणि पत्रे जोडून केलेला, दणकट) इंटरकूलर बसवणे मला योग्य वाटते. पुढे बसवलेल्या इंटरकूलरला हवा चांगली मिळते, हे खरे. पण तो रेडिएटरची हवा अडवतो, लांब नळ्यांमुळे टर्बोचा प्रतिसाद मंदावतो, आणि ओढा ओलांडताना चिखल व दगड आधी त्याच्यावरच येतात. लो-रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या जास्त जोराच्या, संथ गिअरमध्ये) ताशी आठ-दहा किलोमीटरने चढताना स्कूपला वारा मिळत नाही, ही मूळ जागेची खरी उणीव आहे. तिच्यावर थर्मोस्टॅटने चालणारा छोटा पंखा पुरतो. नवा इंटरकूलर बसवला म्हणून ताकद लक्षणीय वाढेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण डिझेल किती सोडायचे हे संगणकच ठरवतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हे कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

प्रश्न: इंटरकूलर काढला तेव्हा आत तेल दिसले. टर्बो गेला असे समजावे का? – एक वाचक, कणकवली

उत्तर: पातळ थर असेल तर नाही. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) तेलकट वाफ टर्बो आणि इंटरकूलरच्याच मार्गाने इंजिनात परतत असल्याने जुन्या डिझेलमध्ये तो असतोच. इंटरकूलर उलटा धरल्यावर तेलाची धार लागली, तर मात्र टर्बोची दांडी हाताने हलवून पाहावी. ती आडवी जाणवण्याइतकी डुलत असेल किंवा पात्यांनी घराला घासल्याच्या खुणा असतील, तर गाडी चालवू नये. साठलेले तेल एकदम ओढले गेले, तर डिझेल इंजिन चावी बंद केल्यावरही त्या तेलावर धावत राहू शकते. टर्बो बदलल्यास इंटरकूलरही डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावाने) दोन-तीनदा धुवावा आणि किमान एक दिवस उभा ठेवून पूर्ण वाळवूनच बसवावा. तुटलेल्या पात्यांचे कण आत गेले असतील, तर तो कितीही धुतला तरी भरवसा नाही. तिथे नवाच घ्यावा.