माहितीपट्टी लिहिण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बर्लिनच्या प्रदर्शनातलं सीरियन कलाकारांचं दालन तुझ्याकडे सोपवलंय आणि कृतींशेजारी लावायच्या माहितीपट्ट्याही तूच लिहिणार आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तुझा मसुदा दोनदा वाचला. त्यात 'युद्ध' आणि 'निर्वासित' हे शब्द जवळपास प्रत्येक पट्टीवर आहेत. कृती कशाची बनली आहे, हे मात्र दोनच ठिकाणी आलंय. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

प्रत्येक कृतीसाठी आधी कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिही. काम कोणत्या साली झालं, त्या वेळी कलाकार कुठे होता, आणि ते कशाचं व कसं बनलं. या तिन्हींची खात्री झाल्याशिवाय चौथं वाक्य लिहू नकोस. दुःख, आशा, मानवता या सगळ्यांना नंतर जागा आहे. या तीन ओळी चुकल्या की पुढचं सगळं खोटं ठरतं, मग ते कितीही कळवळून लिहिलेलं असो.

हराइर सार्किसियानची 'एक्झिक्यूशन स्क्वेअर्स' ही 14 छायाचित्रांची मालिका घे. दमास्कस, अलेप्पो आणि लताकियामधले चौक, पहाटेचा उजेड, माणूस एकही नाही. तुझ्या मसुद्यात ही 'युद्धाने ओस पडलेली शहरं' झाली आहेत. पण काम 2008चं आहे आणि सीरियात असद राजवटीविरुद्धचा उठाव सुरू झाला मार्च 2011मध्ये. या चौकांत जाहीर फाशी दिली जायची, तीही पहाटे. त्याच वेळेला त्याने कॅमेरा लावला. चौक रिकामे आहेत ते माणसं अजून घरात झोपलेली आहेत म्हणून. म्हणजे तुझी पट्टी तीन वर्षांनी नुसती घसरली नाही, तिने कृतीचा अर्थच उलटा केला. शांततेच्या काळातल्या शहरात राज्यसत्तेची दहशत कुठे उभी असायची, हे ती चित्रं दाखवतात. पट्टीवर साल मोठ्या अक्षरात घे. आणखी एक बाब. सार्किसियान दमास्कसमध्ये जन्मलेला आर्मेनियन आहे, त्याला 'अरब कलाकार' लिहू नकोस. 'सीरियन' या शब्दात अरब, कुर्द, आर्मेनियन, सगळे येतात. 'अरब' या शब्दात कुर्द आणि आर्मेनियन येत नाहीत.

त्याच्याच 2014च्या 'होमसिक'मध्ये दोन पडदे आहेत. दमास्कसमध्ये आईवडील राहत होते त्या इमारतीची त्याने हुबेहूब लहान प्रतिकृती बनवली आणि हातोड्याने फोडली. एका पडद्यावर हातोडा चालवणारा तो दिसतो, दुसऱ्यावर कोसळत जाणारी इमारत. जागा कमी म्हणून दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी बसवायची सूचना कोणीतरी करेल. मान्य करू नकोस. दोन पडद्यांमधलं अंतर हा त्या कामाचाच भाग आहे. बघणाऱ्याला मान वळवावी लागते, आणि एकाकडे बघताना दुसरं सुटतं.

आता तम्माम अज्जामकडे ये, कारण सगळ्यात जास्त चुका त्याच्याच कामाबद्दल होतात. गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारतीवर ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचं 'द किस' हे चित्र असलेली ती प्रतिमा 2013च्या सुरुवातीला जगभर फिरली. असंख्य लोकांनी ती दमास्कसमधल्या खऱ्या भिंतीवर रंगवली आहे असं धरलं, अजूनही धरतात. नावच 'फ्रीडम ग्राफिती' असल्यामुळे फसगत वाढते. ती संगणकावर जुळवलेली प्रतिमा आहे, 'सीरियन म्युझियम' या मालिकेतली. याच मालिकेत गोया आणि मातीस या चित्रकारांची चित्रं आणि मोनालिसाही उद्ध्वस्त सीरियात येतात. अज्जाम मूळचा तैलरंगात काम करणारा. 2011मध्ये तो दुबईला गेला, स्टुडिओ मागे राहिला आणि संगणक हातात आला. म्हणजे हे माध्यमच त्याच्या परागंदा होण्यातून आलंय. 'भित्तिचित्र' असं लिहिलंस, तर तो त्या भिंतीसमोर उभा होता असं सांगितल्यासारखं होतं. तो तिथे नव्हता, आणि नसणं हाच तर विषय आहे. पट्टीवर 'डिजिटल प्रतिमा, छापील प्रत' असं स्पष्ट लिही, आवृत्तीतली कितवी प्रत तेही लिही. फाइल कलाकाराकडून किंवा त्याच्या कलादालनाकडूनच घे. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींचे रंग बदललेले असतात आणि कडाही कापलेल्या असतात. 2016मध्ये जर्मनीत आल्यावर तो रंगवलेल्या कागदाच्या तुकड्यांच्या कोलाजकडे वळला. तुमच्याकडे त्यातलं एखादं काम मिळत असेल, तर दोन्ही एकाच भिंतीवर लाव. हाताला पुन्हा कागद मिळाल्यावर काय होतं, ते न सांगता दिसेल.

इसाम कुरबाजच्या होड्यांवर तू 'निर्वासित कलाकाराची कृती' असं लिहिलंयस. तो सीरियातल्या सुवैदाचा, 1963चा जन्म, आणि 1990पासून केंब्रिजमध्ये राहतो. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला परदेशी येऊन वीस वर्षं झाली होती. त्याच्या वाट्याला आलं ते दुरून बघणं, आणि ते वेगळंच ओझं आहे. 2016च्या 'डार्क वॉटर, बर्निंग वर्ल्ड'मधल्या होड्या सायकलच्या पोलादी मडगार्डच्या तुकड्यांच्या आहेत. त्यांत जळलेल्या काड्यापेटीच्या काड्या दाटीवाटीने उभ्या करून पारदर्शक रेझिनमध्ये घट्ट केल्या आहेत. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातल्या इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या छोट्या सीरियन नौकांवरून त्याला हे सुचलं. ब्रिटिश म्युझियमने यातल्या होड्या संग्रहात घेतल्या. मडगार्ड, काडी, रेझिन हे तीन शब्द पट्टीवर आलेच पाहिजेत. ते वाचून माणूस पुन्हा वाकून बघतो आणि मग त्याला काड्यांची डोकी दिसतात. चौथरा उंच केलास तर फक्त पोलादाची बाजू दिसेल. वरून आत बघता येईल एवढाच ठेव, 80 सेंटिमीटरच्या आसपास. रेझिन अतिनील किरणांनी पिवळं पडतं, तेव्हा खिडकीजवळ मांडू नकोस. दिवा तिरका लाव, नाहीतर चकाकीत काड्या हरवतात. अशी कृती पाठवताना सामानाच्या यादीत नुसतं 'काड्यापेटीच्या काड्या' असं लिहू नये. न जळलेल्या काड्या ज्वालाग्राही माल म्हणून धरल्या जातात आणि पेटी अडू शकते. 'जळलेल्या, रेझिनमध्ये बंद' असं पूर्ण लिहावं.

यूसुफ अब्दलकीची कोळशाची चित्रं येणार आहेत, त्याबद्दल फ्रेम करणाऱ्याशी आजच बोल. कोळसा कागदाला सैल धरून असतो. फ्रेमला साधं अ‍ॅक्रिलिक लावलं, की पुसताना त्यात स्थिर वीज तयार होते आणि कोळशाची पूड कागदावरून उचलली जाते. काच लाव, किंवा स्थिर वीज न धरणारं खास अ‍ॅक्रिलिक. काच आणि कागद यांच्यात पट्टी घालून अंतर ठेव. प्रकाश 50 लक्सच्या वर नको. पेटीला धक्का बसू नये. पोचल्यावर पेटी लगेच उघडू नकोस, 24 तास दालनाच्या तापमानाला राहू दे. या माणसाची कारकीर्द 'युद्धामुळे परागंदा' या चौकटीत बसत नाही. तो 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून पॅरिसमध्ये होता, 2005मध्ये दमास्कसला परतला, आणि जुलै 2013मध्ये त्याला अटक झाली, महिनाभराने सुटला. लोक देश सोडून जात होते त्या वर्षांत तो देशात होता. कालक्रम नीट मांडलास तर वेगळं विशेषण लागणार नाही.

मनाफ हलबूनीच्या बसगाड्यांचं छायाचित्र दाखवणार असाल तर त्यामागचा वाद आधी समजून घे. फेब्रुवारी 2017मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या चर्चसमोर त्याने तीन बस उभ्या, म्हणजे नाक आकाशाकडे करून, रोवल्या. संदर्भ होता अलेप्पोमधल्या 2015च्या छायाचित्राचा. तिथे रहिवाशांनी नेमबाजांपासून वाचायला बस अशाच उभ्या केल्या होत्या. ड्रेस्डेनमध्ये आधी उजव्या गटांनी विरोध केला, मग मूळ छायाचित्रात बसवर अहरार अल-शाम या सशस्त्र गटाचा झेंडा दिसतो हे बाहेर आलं आणि वाद पेटला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या बस बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाज्यासमोर उभ्या राहिल्या. यातून तुझ्यासाठी कामाची गोष्ट एवढीच: कृतीमागे वृत्तछायाचित्र असेल, तर ते मोठं करून कोपरान् कोपरा बघ. झेंडा, पाटी, गणवेश, भिंतीवरचं लिखाण, सगळं. जे दिसेल ते पत्रकारांसाठीच्या टिपणात आपणहून लिही. दुसऱ्याने शोधून काढल्यावर केलेला खुलासा कोणी ऐकत नाही.

मृतांच्या प्रतिमांबाबत मी तुला सवलत देणार नाही. खालिद बराकेने 2014च्या 'द अनटायटल्ड इमेजेस'मध्ये मृतांना उचलून नेणाऱ्या लोकांची छायाचित्रं घेतली आणि त्यांतला मृतदेह काढून टाकला. उरला तो पांढरा आकार, आणि त्याला कवटाळणारे हात. शेजारी 'तुलनेसाठी' मूळ छायाचित्र लावायचा मोह होईल. लावलंस तर त्याने जे झाकलं ते तू उघडं केलंस. पट्टीवर शरीराचं वर्णनही नको. अबूनद्दारा हा चित्रपटकारांचा गट 2011पासून दर शुक्रवारी एक लघुपट प्रसिद्ध करत असे, आणि माणसाला स्वतःच्या प्रतिमेत प्रतिष्ठा मिळण्याचा हक्क आहे असं सतत मांडत आला. ऑनलाइन मोफत दिसतं म्हणून दालनात दाखवता येतं असं नाही. प्रत्येक चलच्चित्रासाठी लेखी परवानगी घे: किती दिवस, किती पडदे, कोणत्या भाषेतली उपशीर्षकं.

परवानगीबरोबर नावाचाही प्रश्न येतो. 8 डिसेंबर 2024ला असद राजवट कोसळली. त्याआधी लिहिलेल्या पट्ट्या जशाच्या तशा उचलू नकोस. पूर्वी नाव लपवलेल्या कलाकाराला आता ते द्यायचं असेल, किंवा उलट, गावाचं नावसुद्धा नको असेल. दोन्ही बाबतींत विचारूनच लिही. 'तुम्ही आता परत जाणार का?' हा प्रश्न मात्र मुलाखतीत तू विचारू नकोस. सांगायचं असेल तर ते स्वतः सांगतील.

अरबी मजकुराचं छपाईआधीचं वाचन पैसे देऊन अरबी वाचणाऱ्या माणसाकडून करून घे. डिझायनरच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडे लिहायची सोय नसली, की अक्षरं सुटी होतात आणि ओळ उलटी लागते. आपल्याकडे फाँट बिघडला की वेलांटी भलत्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं फुटतात, तसंच. जर्मन डिझायनरला ते दिसणार नाही, पण दाराशी आलेल्या पहिल्या सीरियन प्रेक्षकाला दिसेल, आणि आपल्यासाठी हे लिहिलेलंच नाही हे त्याला तिथेच कळेल. अंतिम छापील नमुन्यावर वाचून घे, पडद्यावर नको. 2015पासून बर्लिनच्या संग्रहालयांत 'मुलताका' उपक्रमात सीरियन आणि इराकी मार्गदर्शक अरबीतून फेरी घडवतात. त्या धर्तीवर आठवड्यातून एक फेरी ठेवता आली तर बघ.

आवाजाचंही याच प्रेक्षकासाठी सांगते. तुझ्या शहरात बॉम्बहल्ल्यातून आलेली माणसं राहतात. स्फोटाचा आवाज असलेलं काम बंद खोलीत ठेव, बाहेर तीन भाषांत सूचना लाव, आणि आत न जाताही पुढे जाता येईल असा रस्ता ठेव. शेजारच्या दालनात स्वतः दहा मिनिटं उभी राहून ऐक.

मराठीत लेख लिहिणार आहेस त्याबद्दल थोडं. 'निर्वासित' म्हटलं की आपल्याकडे फाळणीनंतरचे सिंधी लोक आणि कल्याणजवळच्या छावण्यांचं उल्हासनगर आठवतं. तो संदर्भ खरा आहे, पण अरबीत सीमा ओलांडलेला 'लाजिअ' वेगळा आणि देशातच घर सुटलेला 'नाझिह' वेगळा. दुसऱ्याला 'विस्थापित' म्हण. आणि 'घुरबा' हा शब्द सीरियन लोक फार वापरतात: परक्या मुलखात, परक्यांमध्ये असणं. त्याच धातूतला 'घरीब' म्हणजे परका. तोच फारसीतून आपल्याकडे 'गरीब' होऊन आला. हे वाचकाला सांग, त्याला ते जवळचं वाटेल. सीरियन चित्रकलेत हा विषय 2011मध्ये जन्मला असंही लिहू नकोस. चित्रकार लुआय कय्यालीने 1965मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांवर 'मग पुढे काय?' रंगवलं. मरवान हा चित्रकार दमास्कसहून 1957मध्ये तुझ्याच बर्लिनला आला आणि 2016मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच चेहरे रंगवत राहिला. त्याची कामं तिथल्या संग्रहांत आहेत, आधी ती बघून ये.

पट्टी 50 ते 60 शब्दांची ठेव. सन, ठिकाण, साहित्य ही ओळ तिन्ही भाषांत वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात. बाहेरून कोणी येणार असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपूर्वीपासून करता येतो आणि निर्णयाला 45 दिवसही लागू शकतात. निमंत्रणपत्र आत्ताच पाठव.

आणि कर्जाऊ कृतींच्या अर्जात 'परतीचा पत्ता' असा एक रकाना असतो. उद्घाटनाआधी भरून घेतलेला पत्ता चार महिन्यांनी तोच असेल असं धरू नकोस. प्रदर्शन संपायच्या तीन आठवडे आधी प्रत्येकाला फोन करून पुन्हा विचार, आणि पेट्यांवरची जुनी चिकटपट्टी काढल्याशिवाय नवी लावू नकोस.

नवा मसुदा झाला की पाठव.

तुझी,
बाई