घरच्या सुतारकामासाठी राउटर (लाकडात खाचा पाडणारं, कडा घडवणारं यंत्र) घेतला आहे. सुरुवातीला कोणते बिट (त्यात बसवायची कापणारी पाती) घ्यावेत?

मोठा सेट घेऊ नका, त्यातले निम्मे बिट डब्यातच राहतात. सरळ बिट, कडा गोल करणारा राउंडओव्हर आणि एका फळीची कड दुसरीच्या बरोबरीत कापणारा बेअरिंगवाला फ्लश ट्रिम, तिन्ही कार्बाइडचे आणि चांगल्या प्रतीचे घ्या. घरची बरीच कामं यांत निघतात.

विकत घेण्याआधी शँकचं, म्हणजे बिटच्या दांड्याचं, माप नीट बघा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. पाव इंची कॉलेटमध्ये (राउटरची बिट पकडणारी चूक) ६ मिमीचा बिट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण चालू कामात सरकतो किंवा निसटतो. हे खरंच धोक्याचं आहे. राउटर अर्धा इंच शँक घेत असेल तर तोच घ्या, थरथर कमी होते.

बिट बदलताना आधी प्लग काढा. शँक तळाला टेकेपर्यंत घाला, मग दोन-तीन मिमी वर ओढून आवळा. तळाला टेकलेला बिट पुढे सैल होऊ शकतो.

एका फेरीत साधारण ३ मिमीच खोल जा. हातात धरलेला राउटर फळीच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. घड्याळाच्या दिशेने नेलात तर तो हातातून पुढे पळतो. आधी फळीच्या टोकाकडच्या, म्हणजे लाकडाच्या रेषा जिथे संपतात त्या कडा करा, नंतर लांबीच्या, म्हणजे कोपऱ्यात ढलपी उडाली तरी ती जागा पुढच्या फेरीत कापली जाते.

लाकूड काळं पडतंय? एका जागी थांबू नका, आणि बिटवर चिकटलेला डिंक साफ करा. मोठ्या व्यासाच्या बिटला वेग कमी ठेवा. गॉगल हवाच.