टिप बदलायच्या ड्रिलबद्दल, नवीन हातांसाठी

या ड्रिलचा कापणारा पुढचा तुकडा म्हणजे टिप. ती महाग, म्हणून सगळं लक्ष टिपेवर असतं. पण खरी काळजी बॉडीची, म्हणजे टिप धरणाऱ्या दांड्याची, घे. टिप झिजली की बदलता येते. बॉडीच्या सीटने, म्हणजे टिप बसते त्या जागेने, मार खाल्ला, की नवी टिपही डुगडुगणार.

टिप काढलीस की आधी सीट हवेने साफ कर आणि नायलॉन ब्रश फिरव. कानाकोपऱ्यात चिपचा, म्हणजे कापलेल्या धातूचा, एक कण राहिला तरी टिप तिरकी बसते आणि भोक मोठं येतं. बसवायला कंपनीची चावीच वापर, पकड नको. मग डायल गेज लाव. रनआउट, म्हणजे फिरताना टिपेचं डगमगणं, ०.०२ मिमीच्या आत नसेल तर आधी होल्डर तपास, टिपेला दोष देऊ नकोस.

एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या साध्या) ड्रिलची सवय सोड. आधी बारीक ड्रिलने भोक पाडून मग हा ड्रिल घातलास तर टिपेचं मधलं टोक हवेत राहतं, कडांवर भार येतो आणि त्या तुटतात. सरळ भरीव मालात घाल. पेकिंगही, म्हणजे थोडं थोडं कापून ड्रिल बाहेर काढणंही, नको. कूलंट (थंड करायचं द्रव) ड्रिलमधून येऊ दे.

साध्या माइल्ड स्टीलला १६ मिमीच्या ड्रिलने कापायचा वेग ९० मीटर प्रति मिनिट धर, म्हणजे साधारण १८०० आरपीएम. फीड, म्हणजे ड्रिल आत सरकणं, ०.२५ मिमी प्रति फेरा. आवाज आला की सगळे फीड कमी करतात. इथे बहुतेक वेळा उलटं असतं. फीड कमी पडला की चिप तुटत नाही, लांब दोरी होऊन खोबणीत अडकते. चिप आखूड, वळलेली पडायला हवी. तिरक्या पृष्ठभागातून बाहेर पडताना मात्र फीड निम्मा कर.