‘म्हणून तर म्हणतेय’

माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं खुर्चीत नीट बसायच्या आधीच एक वाक्य बोलून टाकतात: ‘मी चांगल्या शब्दांत समजावते हो, पण समोरचं माणूस ऐकूनच घेत नाही.’ समोरचं माणूस कधी नवरा असतो, कधी सून, कधी बारावीतला मुलगा. अलीकडे बऱ्याचदा म्हातारे वडील असतात. त्यांना ऐकायला कसं लावायचं, एवढंच विचारायचं असतं. अशा वेळी मला एका बापलेकीची गोष्ट आठवते. दोघांना विचारून ती लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पूर मात्र बदललेला नाही, तो बडोद्यात सगळ्यांनीच पाहिला.

मुलगी चव्वेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी, गोत्रीला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. वडील चौऱ्याहत्तरचे. एका रसायन कारखान्यात उभा जन्म इन्स्ट्रुमेंट विभागात काढलेला, म्हणजे काटे, दाब, तापमान, नोंदवही. बायको जाऊन पाच वर्षं झालेली. ते एकटे राहतात कारेलीबागेत, जुन्या बैठ्या घरात. वर गच्चीला लागून एक खोली आहे, तेवढीच. दोघांच्या घरांमधे विश्वामित्री नदी.

२०२४ ची जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती. त्या दिवशीच्या पावसानंतर नदी शहरात शिरली. पूल बंद झाले, वीज गेली, मगरी लोकांच्या आवारात सापडल्या. वडील, मी त्यांना काका म्हणते, दोन रात्री वरच्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोनही बंद पडला. तिसऱ्या दिवशी जावई चिखल तुडवत पोचला तेव्हा काका गच्चीत चादर वाळत घालत होते.

७ सप्टेंबरला गणपती होते. ते भिंतींना अजून ओल असलेल्या याच घरी बसवायचे की गोत्रीला, यावरून पहिलं मोठं भांडण झालं. त्यानंतर कुठलंही बोलणं ‘बाबा, तुम्ही इकडे या’वर यायचं आणि तिथेच फाटायचं. दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘ते ऐकतच नाहीत. मी बोलायला लागले की झोपाळ्यावरून उठून आत जातात.’

माझा एक नियम आहे आणि तो फारसा मानसशास्त्रीय नाही. साठीच्या पुढचं माणूस ‘ऐकत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी कान तपासून घ्यायचे. वयाबरोबर बहुतेकांचे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त अशी व्यंजनं गळतात. माणसाला आवाज येतो, शब्द लागत नाही. मग ते अंदाजाने ‘हां’ म्हणतं, नाहीतर उठून जातं. काकांच्या तपासणीत तसंच निघालं, उजव्या कानाला जास्त. मुलगी त्यांना रोज सकाळी बँकेत जाताना अ‍ॅक्टिवावरून फोन करायची, इअरफोन लावून, वाहतुकीच्या गोंगाटात. काकांना त्यातलं निम्मं पोचत नव्हतं. जे पोचायचं ते नेमकं ‘इकडे या’. (गाडी चालवताना फोन, यावर मी तिला वेगळं बोलले.)

कानाला यंत्र बसलं. फोन संध्याकाळी, एका जागी बसून होऊ लागला. भांडणं स्पष्ट ऐकू येऊ लागली.

मुलगी हुशार होती. मधल्या काळात तिने मोबाइलवर ‘ऐकण्याची कला’ छापाचे व्हिडिओ पाहिले आणि समोरच्याचं वाक्य त्यालाच परत सांगण्याची युक्ती उचलली. काका म्हणाले, ‘घर धुवून झालंय, आता मी आहे तिथे बरा आहे.’ ती म्हणाली, ‘म्हणजे बाबा, तुम्हाला असं वाटतंय की तुम्ही आहात तिथे बरे आहात.’ काका म्हणाले, ‘तेच म्हटलं ना मी आत्ता? तुला टेप करायला लावलंय का कोणी?’

मला हसू आलं, पण दोष तिचा नव्हता. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये ‘सक्रिय श्रवण’ हा शब्द रूढ केला. पुढे लोकांनी त्याची पोपटपंची करून टाकली, तेव्हा रॉजर्स स्वतः इतके वैतागले की कितीतरी वर्षं त्यांनी या विषयावर बोलणंच कमी केलं. समोरच्याचं वाक्य परत म्हणण्याला अर्थ असतो, पण ‘मला बरोबर कळलं का?’ ही शंका खरी असेल तरच. तिला शंका नव्हती. तिला फक्त तिची पाळी लवकर यायला हवी होती.

पाळीबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. जपानी, डॅनिश, लाओ अशा दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. आणि एखादा साधा शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायलाच त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजत असतं. यात कोणाचा वाईटपणा नाही, गप्पा अशाच चालतात. फक्त अवघड बोलण्यात उत्तर फार आधी शिजून तयार असतं, कधीकधी आदल्या रात्रीच.

जानेवारीत मी दोघांना एकत्र बोलावलं. काका येताना नोंदवही घेऊन आले. पुराच्या रात्रीच्या नोंदी, पेन्सिलीने: ‘९.४०, तिसरी पायरी. १०.२५, चौथी. ११.३०, पाचवी.’ आतल्या जिन्याच्या पायऱ्या ते टॉर्च मारून मोजत होते. ‘२०१९ ला, ३१ जुलैला, एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला ना, तेव्हासुद्धा तिसरीवरच थांबलं होतं,’ ते म्हणाले. ‘या खेपेला सातवी.’

मी विचारलं, ‘मग काका, या पावसाळ्यासाठी काय ठरवलंय?’

त्यांनी वही मिटली. ‘बघू.’

पुढची चाळीस मिनिटं सेव-उसळ पहिल्यासारखी राहिली नाही आणि खंडेराव मार्केटात भाजी महाग झाली, याच विषयांवर गेली. घरी परतताना सूरसागरच्या वळणावर माझ्या लक्षात आलं की मीही तेच केलं होतं. माणूस सातव्या पायरीपर्यंत आला होता आणि मी त्याला ओढून पुढच्या जूनमध्ये नेलं. पंचवीस वर्षं हे काम करूनही.

मग मी मुलीला एक काम दिलं. वडिलांशी पुरानंतर झालेली बोलणी आठवतील तशी लिहून आण, दोघांची वाक्यं एकाखाली एक. तिने चार पानं आणली. ती वाचताना एक शब्द वर येत राहिला. बाबा: ‘त्या रात्री मेणबत्त्यासुद्धा संपल्या.’ मुलगी: ‘म्हणून तर म्हणतेय, इकडे या.’ बाबा: ‘शेजारच्यांनी दोरीने चहा पाठवला.’ मुलगी: ‘म्हणून तर म्हणतेय, शेजाऱ्यांवर किती दिवस अवलंबून राहणार?’ बाबा: ‘गुडघा दुखला जरा.’ मुलगी: ‘म्हणून तर.’

तिने ते वाचलं आणि म्हणाली, ‘मी वकिलासारखी बोलतेय.’

माझ्या मते बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. आपण ऐकत नाही असं नाही, अगदी कान टवकारून ऐकतो, पण पुरावा गोळा करायला. समोरच्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट लगेच आपल्या बाजूला जमा होते. दोन-चारदा असं झालं की माणूस शहाणा होतो. जे आपल्यावरच उलटणार ते तो सांगत नाही. आणि नेमकं तेच ऐकण्यासारखं असतं.

मी तिला सांगितलं की तीन आठवडे घर हा विषय काढायचा नाही आणि बाबांशी बोलताना ‘म्हणून’ हा शब्द वापरायचा नाही. बोलणं थांबलं की ‘मग?’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. तिची भीती रास्त होती: ‘मी काहीच बोलले नाही तर त्यांना वाटेल मला पटलं. राहा म्हणाली, असं धरून चालतील.’ मी म्हटलं, ऐकणं म्हणजे सही करणं नव्हे. तुझं म्हणणं त्यांना पाठ आहे, तीन आठवड्यांत ते विसरणार नाहीत.

एक गोष्ट इथे बजावते, कारण हे वाचून कोणी भलतीकडे लावू नये. नदी चढत असताना रात्री नऊला ‘मग?’ विचारत बसायचं नसतं, हाताला धरून बाहेर काढायचं असतं. आणि घरात मारहाण, धाकदपटशा असेल, तर ‘तू जरा समजून ऐक’ हा सल्ला क्रूर आहे. तिथे आधी सुरक्षित जागा हवी.

दुसऱ्या आठवड्यात ती रविवारी कारेलीबागेत गेली. पुढचं तिने मला सांगितलं आणि नंतर काकांनीही, थोडं वेगळं. दोघं झोपाळ्यावर होते. तिने नोंदवही मागितली. पाचव्या पायरीनंतर नोंद नव्हती. ‘सातवी’ हा शब्द सकाळी भिंतीवरची चिखलाची रेघ पाहून लिहिलेला. तिने विचारलं, ‘साडेअकरानंतर लिहिलं नाहीत?’

काका बराच वेळ पायाने झोपाळा रेटत राहिले. ती म्हणते, तेवढ्या वेळात तिच्या तोंडात तीन वाक्यं येऊन गेली.

मग ते म्हणाले, ‘दार वाजत होतं.’

‘मग?’

‘मला वाटलं तू आलीस. मी वरून ओ दिली. परत वाजलं. मी म्हटलं, थांब, उतरू नकोस पाण्यात, मी येतो. रात्रभर वाजत होतं. मी रात्रभर बोलत होतो तुझ्याशी. मधे एकदा तुझ्या आईशीपण बोललो असेन.’

‘मग?’

‘मग काय. सकाळी पाणी उतरल्यावर बघितलं. फ्रिज होता. तरंगत येऊन स्वयंपाकघराच्या दारावर आपटत होता.’

हे त्यांनी पाच महिने कोणाला सांगितलं नव्हतं. का, ते मला सांगायला लागलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस रात्रभर फ्रिजशी बोलला, याहून मोठा पुरावा मुलीच्या बाजूला कुठला असणार? काका माझ्याकडे म्हणाले, ‘मॅडम, मी जन्मभर मीटर वाचले. साध्या ठोक्याचा आवाज ओळखू आला नाही मला. तो कुठल्या तोंडाने सांगू?’

मुलगी तेव्हा काहीच बोलली नाही. बोलता येत नव्हतं, असं ती म्हणते. थोड्या वेळाने तिने फक्त तिचं सांगितलं. ती त्या रात्री गोत्रीच्या बाल्कनीत उभं राहून अंधारात कारेलीबाग कुठल्या दिशेला येते ते शोधत होती, आणि चाळीस वर्षं या गावात राहून तिला दिशा सापडत नव्हती. काकांनी बोट करून दाखवली. तिथून, झोपाळ्यावरून.

मी सांगितलेला तीन आठवड्यांचा काळ तिने पुढे स्वतःच लांबवला. मार्चमध्ये विषय काकांनीच काढला. आपला बेत ते वहीत लिहून घेऊन आले होते. महापालिका काला घोड्याजवळची नदीची पातळी फुटांत जाहीर करते. ती अठरावर गेली की ते बॅग घेऊन स्वतः रिक्षाने गोत्रीला जाणार. ‘अठराला रस्ता कोरडा असतो, मी बघून ठेवलंय.’ अठराच्या खाली असेपर्यंत मुलीने ‘या’ म्हणायचं नाही. मुलीने पंधरा मागितले. काका म्हणाले, पंधराला आलो तर मी चातुर्मास तुझ्याकडेच काढीन. अठरा ठरले. घर विकायचं का, त्यावर दोघांचं अजून जमलेलं नाही आणि जमेल असं मला वाटत नाही. गणपतीवरूनही यंदा पुन्हा वाजलं, पण आता काका उठून आत जात नाहीत, बसून भांडतात.

पावसाळ्यात ती एकदा भेटायला आली. एका संध्याकाळी पातळी सतरावर गेली होती. तिने फोन केला. ‘सतरा?’ ‘सतरा. बॅग दारात आहे.’ दोघं फोन चालू ठेवून बसले, आपापल्या घरी टीव्ही बघत. नऊनंतर पाणी उतरायला लागलं.

नवा फ्रिज काकांनी वरच्या खोलीत ठेवला आहे. दुधासाठी दिवसातून चारदा जिना चढतात. मी विचारलं, यावर तू काही बोलत नाहीस? ‘नाही,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘गुडघ्याचं म्हटलं एकदा. एकदाच.’