पॉलिसीवर तारखा दोन असतात, भाऊ

अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "२०२३ च्या दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, चारचाकी घेतली. शोरूममध्ये 'तीन वर्षांचा विमा आहे' असं सांगितलं. पुढच्या वर्षी एजंटने काहीतरी रिन्यू करून दिलं. २६ ऑक्टोबर २०२५ ला पारोळा रस्त्यावर माझ्या गाडीची मोटारसायकलला धडक बसली. त्या माणसाच्या मांडीचं हाड मोडलं आणि माझ्या गाडीचं ८६ हजारांचं काम निघालं. तेव्हा कळलं की विमा २३ तारखेलाच संपलाय. एजंट म्हणाला, 'काळजी नको करू भाऊ, पंधरा दिन सूट ऱ्हास (पंधरा दिवस सूट असते).' २८ तारखेला त्याने पैसे भरून घेतले आणि गॅरेजला अपघात ३० तारखेचा सांगायला लावलं. गावातले म्हणतात, साठ हजार देऊन स्टॅम्पवर मिटवून टाक. काय करू?"

भाऊ, दर दिवाळीनंतर माझ्याकडे अशी पाच-सात माणसं येतात. कापूस वेचणी, सण, पाहुणे, भाऊबीज, आणि त्यातच विम्याची तारीख निघून जाते. तुमची तर नेमकी भाऊबीजेच्या मध्यरात्रीच संपली.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत सगळं एका ओळीवर ठरतं, आणि ती ओळ तुम्ही दोन वर्षांत एकदाही वाचलेली नाही. २०२३ च्या पॉलिसीच्या पहिल्याच पानावर दोन मुदती छापल्यात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची मुदत २३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत, आणि तृतीय पक्षाची, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची, २३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो. शोरूमवाला म्हणाला तो 'तीन वर्षांचा विमा' हाच. एजंटने २०२४ मध्ये एका वर्षापुरता काढून दिला तो फक्त तुमच्या गाडीच्या नुकसानीचा, तोही दुसऱ्या कंपनीचा. तोच संपला.

म्हणजे २६ तारखेला त्या जखमी माणसासाठी तुमचा विमा चालू होता. त्याची भरपाई २०२३ च्या कंपनीने द्यायची आहे. आणि तुम्ही त्या कंपनीला आजपर्यंत एक ओळही कळवलेली नाही! कळवलंत ते २८ तारखेच्या नव्या कंपनीला, जिचा या जखमीशी काही संबंध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमीचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी लागते. हे पत्र उद्याच स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. उशीर झालाच आहे, पण तेवढ्यावरून जखमीची भरपाई बुडते असं मला वाटत नाही. चालवणाऱ्याचं लायसन्स मात्र त्या दिवशी चालू होतं ना, ते आधी बघा. तिथे खोट निघाली तर कंपनी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला बघेल.

साठ हजारांचा स्टॅम्प करू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे-ठरवायचे नाहीत, ही पॉलिसीची अट आहे. माणुसकी म्हणून दवाखान्यात भेटा, डबा पोचवा, औषधं आणून द्या. सही कशावरही नको.

आता तुमचे ८६ हजार. ते तुमच्याच खिशातून जाणार. विमा कायदा, १९३८, कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम हातात पडल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. तुमच्या नव्या पॉलिसीवर '२८ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४.१२ पासून' असं छापलंय. तासही मोजला जातो. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात अपघात दुपारी २.२० ला झाला होता आणि पॉलिसी त्याच दिवशी २.५५ ला निघाली होती. फरक पस्तीस मिनिटांचा, तरी कंपनी जबाबदार ठरली नाही. तुमचा फरक दोन दिवसांचा आहे. पंधरा-तीस दिवसांची सवलत जीवन विम्याला आणि आरोग्य विम्याला असते. गाडीला नव्वद दिवस मिळतात ते फक्त नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकवायला, त्या काळात नुकसानीचं संरक्षण नसतं. एजंटने सगळ्याची खिचडी केली. त्याच्याकडून पैसे मागता येतील का? व्हॉट्सॲपवर त्याने तसं लिहिलं असेल तर बघू. नुसत्या तोंडी शब्दावर जळगावच्या ग्राहक आयोगात चपला झिजवायचा सल्ला मी देणार नाही.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. विमा तुटल्यावर कंपनी गाडीचे ताजे फोटो मागते. तुमच्या फाईलला एजंटने जे फोटो चढवलेत त्यांत बंपर धड आहे, दिवा धड आहे, आणि वायपरखाली आपट्याचं पान खोचलेलं आहे. दसरा २ ऑक्टोबरला झाला. फोटो कधीचे, हे सांगायला तपासनीस लागत नाही. त्यात दवाखान्याच्या कागदावर आणि पोलिसांच्या पंचनाम्यात २६ तारीख आहे. ३० तारखेचा क्लेम तुमच्या सहीने गेला तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक होऊ शकते, आणि आरोपी म्हणून तुमचं नाव येईल. गॅरेजला आजच फोन करून तो अर्ज थांबवा. नव्या कंपनीला लिहा की फोटो जुने होते, गाडीला २६ तारखेला मार लागलाय, क्लेम करायचा नाही, गाडी पुन्हा तपासा. कदाचित ते पॉलिसी रद्द करतील. करू द्या, दुसरी काढता येईल.

याच कागदांवर मोबाईल नंबर एजंटचा आहे. संपत आल्याचे सगळे मेसेज वर्षभर त्याच्याकडे जात होते. दोन्ही कंपन्यांकडे स्वतःचा नंबर नोंदवून घ्या.

आणि आता पुढच्या वर्षीचं. नवी पॉलिसी टिकली तर ती २७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तृतीय पक्षाची मुदत मात्र २३ तारखेला संपते. २७ लक्षात ठेवून बसलात तर २४ ते २७ हे चार दिवस गाडी तृतीय पक्ष विम्याशिवाय फिरेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ चा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद हा त्यातला लहान भाग. त्या चार दिवसांत कुणाचं हाड मोडलं, तर भरपाई तुमच्या घरावर आणि शेतावर येईल. म्हणून ऑक्टोबर लागताच दोन्हींचा नवा विमा २४ ऑक्टोबर २०२६ च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे २३ तारीख संपताच, सुरू होईल असा काढा, पैसे आधी भरा, आणि कागद हातात आला की तारीख आणि तास दोन्ही स्वतः वाचा. तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचं चार दिवसांचं डबल जाईल ते जाऊ द्या.

कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा कच्चा का होईना लिहून पाठवा, मी दुरुस्त करून देतो. पोस्टाची पावती जपून ठेवा.